चालक दिवसाला चारच फेऱ्या का मारतो?

एका शहराच्या परिवहन समितीवर नव्याने गेलेल्या सदस्यांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे एका बसमागे आठ-नऊ माणसं आहेत. एवढं असून चालक आठ तासांत चार फेऱ्या मारतो. त्याच रस्त्यावर खासगी गाडीवाला सहा-सात मारतो. आमच्या चालकांची उत्पादकता वाढवायला काय करावं? कंडक्टर काढले तर, किंवा गाड्या भाड्याने घेतल्या तर, फरक पडेल का?"

मी ३१ वर्षं एका महापालिकेच्या बस उपक्रमात काढली, त्यातली बरीचशी वेळापत्रक विभागात. कोणती गाडी किती वाजता सुटणार आणि कोणाची ड्युटी कुठे संपणार, हे ठरवणाऱ्या टेबलावर बसायचो. त्यामुळे चार फेऱ्यांबद्दल कोणाला धरायचं असेल, तर चालकाच्या आधी माझ्यासारख्याची गचांडी धरावी लागेल. कशी, ते आधी हिशेबानेच सांगतो.

समजा मार्ग १४ किलोमीटरचा आहे. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. त्यात हजेरी, गाडी ताब्यात घेणं, टायर-ब्रेक-हवा बघणं याला २० मिनिटं. डेपोतून पहिल्या थांब्यावर जायला १५, शेवटी परत यायला १५. गाडी लावणं, लॉगशीट भरणं, कंडक्टरचा भरणा याला पुन्हा २०. उरली ४१० मिनिटं. अर्ध्या तासाची विश्रांती मी यात धरलेली नाही, ती वेगळी. आता एका बाजूची फेरी ७५ मिनिटांची आणि टर्मिनसवर १० मिनिटं थांबा, म्हणजे ८५ मिनिटं. ४१० ला ८५ ने भागा: पावणेपाचच्या आसपास. पावणेपाच फेऱ्या कोणी मारत नाही, आणि पाचवी मारली तर गाडी मार्गाच्या पलीकडच्या टोकाला अडकते. म्हणून चार. ५६ किलोमीटर. सत्तर मिनिटं वाया.

आता रस्ता थोडा सुधारला असं धरा. सिग्नल नीट झाले, फेरी ७५ वरून ६८ वर आली. थांब्यासह ७८. भागाकार सव्वापाच. फेऱ्या किती? चारच! सात मिनिटं वाचली आणि हाती काहीच लागलं नाही. पुढच्या वर्षी कोणीतरी सभेत उठून विचारणार की एवढा खर्च केला, फेऱ्या का वाढल्या नाहीत. पण हीच फेरी ५८ वर आणलीत, तर थांब्यासह ६८, आणि सहा फेऱ्यांना ४०८ मिनिटं. बसल्या! ५६ चे ८४ किलोमीटर झाले, म्हणजे थेट दीडपट. चालक तोच, पगार तोच, गाडी तीच. वेग मात्र ताशी सव्वाअकरा किलोमीटरवरून साडेचौदावर गेला, एवढंच. चालकाचं काम असं पायरीपायरीने वाढतं. पायरी कुठे आहे हे माहीत नसेल, तर तुम्ही पायरीच्या अलीकडे कितीही पैसा ओता, तो दिसणार नाही.

हा आकडेमोडीचा खेळ मी स्वतः एकदा उलट्या बाजूने खेळलोय. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी वरून आदेश आला, किलोमीटर वाढवा. मी एका मार्गाचा रनिंग टाइम, म्हणजे एका फेरीला दिलेली मिनिटं, कागदावर ६२ चा ५५ केला. कोणतीही पाहणी नाही, बसल्या टेबलावर. सहा फेऱ्या बसल्या, साहेब खूश. पहिल्या महिन्यात किलोमीटर खरोखर वाढले. दुसऱ्या महिन्यात तक्रारींचा ढीग आला: गाडी थांब्यावर थांबत नाही, थांबली तर वीस पावलं पुढे थांबते, रात्रीची शेवटची फेरी येतच नाही. मी हातात घड्याळ घेऊन सकाळी अकराच्या गाडीत बसलो. चालक पन्नाशीचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. भाजी मंडईपाशी गाडी सात-आठशे मीटरला नऊ मिनिटं रांगली. हातगाड्या, टेम्पो, उलटे येणारे स्कूटरवाले. काकांनी क्लच किती वेळा दाबला ते मी मोजायला घेतलं आणि दोनशेनंतर नाद सोडला. टर्मिनसवर त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. पंधरा दिवसांच्या प्रत्येक फेरीची खरी वेळ, बॉलपेनने. म्हणाले, "साहेब, हा तुमचा टाइम आणि हा रस्त्याचा. मी कुठला चालवू ते लिहून द्या."

लिहून द्यायची माझी हिंमत झाली नाही. महिनाभराने टाइम पुन्हा ६२ केला आणि आदेशात कारण लिहिलं, "प्रवाशांच्या सोयीसाठी". तो कागद मात्र मी मागून घेतला होता.

खासगीवाल्याच्या सहा-सात फेऱ्या कशा होतात, तेही इथेच येतं. त्याचा चालक हाफ-रिटर्न मारतो, म्हणजे अर्ध्या वाटेतूनच परत फिरतो, गाडी भरली की मधले थांबे सोडतो, रिकामी असली की टर्मिनसवर भरेपर्यंत थांबतो, आणि चौदा तास चालवतो. आमच्या वेळापत्रकाच्या बुडाशी १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, पाच तासांहून जास्त सलग काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती, सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पसारा बारा तासांच्या आत, आणि दोन दिवसांच्या ड्युट्यांमध्ये सलग नऊ तास आराम. टर्मिनसवरचा थांबा पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो कामाच्या तासांतच धरायचा, हेही त्यात लिहिलेलं. नवीन वेळापत्रकवाले हे एक कलम हमखास विसरतात. तेव्हा तुलना करायचीच असेल तर चौदा तासांची आठ तासांशी करू नका.

आता बसमागची आठ-नऊ माणसं. हा आकडा ऐकून सगळ्यांच्या भुवया वर जातात, पण तो कुठून येतो हे कोणी मांडत नाही. गाडी दोन पाळ्यांत चालते, म्हणजे रोज दोन चालक हवेत. वर्षाच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्टीचे ५२ वजा केले की ३१३. हक्काच्या रजा, किरकोळ रजा, सणाच्या सुट्ट्या मिळून ४० धरा: २७३. आजारपण, प्रशिक्षण, न सांगता दांडी मिळून २०: २५३. म्हणजे एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला १.४४ माणसं लागतात. दोन पाळ्यांना २.९ चालक, आणि कंडक्टर असेल तर तेवढेच कंडक्टर. इथेच पावणेसहा झाले. वर्कशॉप, टायर विभाग, कंट्रोलर, चेकर, रोखपाल, सुरक्षा, कार्यालय हे सगळं यावर.

आणि हा आकडा फसवा कसा, ते बघा. चारशे गाड्यांना ३,२०० माणसं असली तर बसमागे आठ. जुन्या झालेल्या शंभर गाड्या भंगारात काढल्या आणि नवीन आल्या नाहीत, की एका रात्रीत बसमागे पावणेअकरा. कोणीही काल कमी काम केलेलं नाही. उलट ज्यांच्या गाड्या गेल्या ते चालक सकाळी हजेरी लावून डेपोच्या कट्ट्यावर बसून राहतात, कारण द्यायला गाडीच नसते. "गाडी नाही म्हणून ड्युटी नाही" अशी वहीत नोंद करताना कंट्रोलरलाच कसंनुसं होतं. माणसं जास्त की गाड्या कमी, हे आधी ठरवा.

भाडेतत्त्वावरच्या गाड्यांनी हा आकडा लगेच सुधारतो, पण मुख्यतः कागदावर. मुंबईत बेस्टने २०१९ पासून मोठ्या प्रमाणावर या पद्धतीच्या गाड्या आणल्या. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, पैसे किलोमीटरवर. चालक उपक्रमाच्या हजेरीपटावरून गेला की बसमागची माणसं कमी दिसणारच. तो चालक मात्र आहेच, त्याच रस्त्यावर, त्याच मंडईत अडकलेला. पगार कमी असतो ही या पद्धतीतली खरी बचत, आणि तिची किंमतही तिथेच मोजावी लागते: माणूस टिकत नाही. आज इथे, तीन महिन्यांनी ट्रॅव्हल्सवर. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या सेवेतल्या, भाड्याच्या इलेक्ट्रिक बसचा जो भीषण अपघात झाला, त्याचा निवाडा न्यायालय करेल. मी त्यावर बोलणार नाही. पण त्यानंतर प्रशिक्षणाची जी चर्चा झाली ती फार आधी व्हायला हवी होती. वीस वर्षं गिअरची गाडी चालवलेल्या माणसाला क्लच नसलेल्या गाडीत बसवा आणि त्याच्या डाव्या पायाकडे बघा. पहिले काही दिवस तो पाय हवेत क्लच शोधत असतो. इलेक्ट्रिक गाडीची ओढही वेगळी, पाय ठेवला की निघाली. हा माणूस प्रशिक्षणात आठवडाभर असतो तेव्हा त्याची उत्पादकता शून्य दिसते. हा शून्य कोणाच्या खर्चात धरायचा हे करारात लिहिलेलं नसेल, तर तो आठवडा दोन दिवसांवर येतो.

इलेक्ट्रिक गाड्या घेणार असाल तर आणखी एक. दुपारी गाडी चार्जिंगला डेपोत आली की चालकही तिच्याबरोबर बसून राहतो. पाळी बदल आणि चार्जिंग एकाच वेळेला जुळवून घ्या. साधी गोष्ट आहे, पण गाड्यांचं वेळापत्रक एक विभाग करतो आणि चार्जरचं दुसरा, म्हणून होत नाही.

कंडक्टर काढायचा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि मी नेहमी एकच प्रतिप्रश्न करतो: तिकीट कोण देणार? आपल्याकडे माणूस दोन्ही दारांनी पटकन चढतो, कारण तिकीट दारात मिळत नाही, गाडी चालू असताना कंडक्टर आत फिरून देतो. त्याच्या पगाराच्या बदल्यात तुम्हाला वेळ मिळत असतो, फक्त तो कुठल्या वहीत जमा होत नाही. आता कंडक्टर काढला आणि पैसे चालकाने घ्यायचे ठरवले. एका फेरीला ७० प्रवासी आणि माणशी सहा सेकंद, तरी सात मिनिटं गेली. सुट्ट्यांची वादावादी वेगळी. मघाची ५८ मिनिटांची फेरी आठवा. ती ६५ वर गेली, थांब्यासह ७५, भागाकार साडेपाचच्याही आत, आणि आपण पुन्हा चार फेऱ्यांवर. कंडक्टरचा पगार वाचला आणि एक तृतीयांश सेवा गेली. लंडनने मागच्या उघड्या दाराच्या, कंडक्टरवाल्या रूटमास्टर गाड्या नेहमीच्या मार्गांवरून डिसेंबर २००५ मध्ये काढल्या खऱ्या, पण त्यांच्याकडे तोवर पास आणि कार्डं रुळली होती, आणि जुलै २०१४ पासून तर बसमध्ये रोख घेणंच बंद केलं. आधी रोख कमी, मग माणूस कमी, हा क्रम. आपल्याकडे तो उलटा करायची फार घाई असते. मोठ्या गर्दीच्या दोन-चार थांब्यांवर कंडक्टर गाडीत न ठेवता खाली उभा करून तिकिटं देणं हा मधला मार्ग आहे. मधे मोजके थांबे असलेल्या मार्गांवर तो चांगला चालतो. गल्लीबोळातून जाणाऱ्या, दर तीनशे मीटरला थांबणाऱ्या मार्गावर चालत नाही.

एक मुद्दा जाता जाता. उत्पादकता किलोमीटरमध्येच का मोजता? चालक बारा मीटरची गाडी नेतो तेव्हा त्याच्या मागे साठ-सत्तर माणसं असतात. तोच चालक मिडी, म्हणजे मधल्या आकाराच्या, गाडीवर बसवला की निम्मी. गेल्या काही वर्षांत सगळीकडे लहान गाड्यांची फॅशन आली, अरुंद रस्त्यांवर त्या लागतातही. पण रुंद रस्त्यावर, गर्दीच्या वेळी मिडी सोडणं म्हणजे एका पगारात अर्धी माणसं नेणं. मुंबईच्या जुन्या दुमजली गाड्या १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या तेव्हा सगळ्यांनी गळा काढला, पण त्या गाडीत एक चालक किती माणसं ओढत होता याचा हिशेब मला कुठे वाचल्याचं आठवत नाही.

मग चालकाच्या वेळेतून खरोखर काही काढता येतं का? येतं. पण गोष्टी कंटाळवाण्या आहेत, उद्घाटनाला नारळ फोडण्यासारख्या नाहीत.

पहिली, तासागणिक वेगळा रनिंग टाइम. सकाळी सहाला जी फेरी ४५ मिनिटांत होते तिला ६२ देऊन ठेवलं की चालक रस्त्यात रेंगाळतो, मागची गाडी चिकटते. संध्याकाळी सातला ६२ मध्ये ती होतच नाही, मग थांब्यावर पाऊण तास काही नाही आणि मग एकामागोमाग तीन गाड्या. आता बहुतेक गाड्यांत जीपीएस असतं. काकांनी बॉलपेनने जे पंधरा दिवसांत लिहिलं, ते यंत्र रोज लिहून ठेवतं. ते उघडून बघणारा माणूस नेमा. एकच नेमा, पण हुशार नेमा.

दुसरी, पाळी बदल रस्त्यावर करा. दुपारी दोनला प्रत्येक गाडी डेपोत आणून पुन्हा बाहेर काढली तर मघाची पंधरा अधिक पंधरा मिनिटं रोज प्रत्येक गाडीची जातात, तीही रिकामी. डेपो मार्गाजवळ असेल तर दुसऱ्या पाळीचा चालक डेपोसमोरच्या थांब्यावर गाडी ताब्यात घेऊ शकतो. यामुळे पलीकडच्या टोकाला अडकणारी पाचवी फेरीही बसते, कारण ड्युटी टोकाला संपलीच पाहिजे असं राहत नाही. याला सुरुवातीला विरोध होतो. गाडीवर ओरखडा कोणाच्या पाळीत पडला, हा त्यातला सगळ्यात मोठा वाद. दोघांच्या सहीचा छोटा कागद ठेवलात तर तो मिटतो.

तिसरी गोष्ट सांगतो ती ऐकून हसाल. टर्मिनसवर स्वच्छतागृह बांधा. सकाळच्या पाळीचे चालक पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. उन्हाळ्यात, पुढे इंजिन असलेल्या गाडीत, बॉनेटच्या शेजारी सात तास. मुतखड्याची रजा आमच्याकडे इतकी नेहमीची होती की अर्जावर कारण वाचायचं आम्ही सोडून दिलं होतं. महिला कंडक्टर आल्यावर तर काही मार्गांवर दहा मिनिटांच्या थांब्यात त्यांना जवळच्या हॉटेलच्या मालकाची मनधरणी करावी लागायची. त्या १.४४ मधला आजारपणाचा वाटा इथून कमी होतो, वेतनकपातीच्या नोटिशीने होत नाही.

ब्रोकन ड्युटीबद्दल, म्हणजे एकाच दिवसाची ड्युटी दोन तुकड्यांत देण्याबद्दल, मी आधी फार उत्साही होतो, आता नाही. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ एवढ्याच वेळात जादा गाड्या हव्यात, मग माणूसही तेवढाच वापरावा, हे तर्काला धरून आहे आणि त्या १९६१ च्या कायद्यातही दोन तुकड्यांपर्यंत बसायचं. पण शहरात घर न परवडणारा चालक पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गावातून येतो. मधले सहा तास तो विश्रांतीगृहात काढतो, शर्ट खिळ्याला टांगून, बाकावर कुशी बदलत, एक पंखा आणि बारा माणसं. पहाटे निघालेला रात्री उशिरा घरी. आमच्याकडे ज्या डेपोत ब्रोकन ड्युट्या जास्त, तिथे सोमवारच्या दांड्या जास्त. स्वखुशीने मागणाऱ्यांना द्या. जवळ राहणारे, दुपारी शेती किंवा दुकान बघणारे असे काहीजण असतातच. सरसकट लादू नका.

फेरीमागे किंवा किलोमीटरमागे भत्ता द्यायचा विचार असेल तर माझा साफ विरोध आहे. माझ्या ५५ मिनिटांनी जे झालं तेच होईल, फक्त या वेळी चालक स्वतःहून करेल. पूर्ण महिना हजेरी, अपघात नाही, पहिली फेरी वेळेवर, यावर द्या.

आणि रस्ता. बससाठी वेगळी मार्गिका हा चालकाच्या उत्पादकतेचा सगळ्यात मोठा उपाय आहे, आणि तो परिवहन समितीच्या हातात नसतो. पुण्यात २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातल्या अगदी सुरुवातीच्या बीआरटीचा, म्हणजे अशा वेगळ्या बस मार्गिकेचा, प्रयोग झाला. पुढे नगर रस्त्यावर आलेल्या मार्गिकेचा काही भाग उखडूनही टाकला गेला. उखडताना चर्चा मोटारींच्या कोंडीची झाली. त्या रस्त्यावरच्या बस चालकांच्या ड्युटीतली एखादी फेरी त्याने जाईल का, हा प्रश्न मला कुठे ऐकू आला नाही.

तुम्ही समितीवर नवे आहात, पहिल्याच बैठकीत बसमागच्या माणसांचा तक्ता तुमच्यासमोर येईल. तो बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी मागा. गेल्या महिन्यात गाडी नसल्यामुळे किती चालक बसून राहिले आणि चालक नसल्यामुळे किती गाड्या उभ्या राहिल्या, हे दोन आकडे वेगवेगळे. सगळ्यात जास्त गर्दीच्या पाच मार्गांवर ड्युटीत फेऱ्या सोडून किती मिनिटं उरतात. आणि त्या पाच मार्गांचा रनिंग टाइम शेवटचा कधी बदलला, ती तारीख. मी निवृत्त होताना माझ्या टेबलावर एका मार्गाचा जो टाइम चालू होता, तो त्या रस्त्यावर उड्डाणपूल होण्याच्या आधीचा होता.